मजीद भंडाऱ्याचा ज्वालामुखी

पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं तेव्हा मजीद भंडारी तिथे जातीने हजर होता, अशी कुवेतमधल्या अहमदी गावच्या मेसमध्ये सगळ्यांची पक्की समजूत होती. ही समजूत करून देणारा इसम स्वतः मजीदच असल्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. पॉम्पेई कुठल्या मुलखात आहे आणि ते कधी गाडलं गेलं, हे मेसमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. मजीदच्या हातचा मटणाचा रस्सा मात्र सगळ्यांना ठाऊक होता, आणि असा रस्सा करणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असा साधा हिशोब होता.

मजीद मूळचा बाणकोटचा. मिसरूड फुटायच्या आत बोटीवर चढला तो भांडी घासायला, आणि पुढे भंडारी झाला, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा स्वयंपाकी. लढाईच्या सगळ्या धामधुमीत तो कुठल्या कुठल्या बंदरांत कांदे चिरत हिंडला. लढाई संपली, बोट भंगारात गेली, आणि मजीद मुंबईच्या गोदीत काम शोधत बसला. कुणीतरी सांगितलं, कुवेतला तेल सापडलंय, तिथे कंपनीला स्वयंपाकी हवेत. एक्कावन्न साली तो अहमदीला उतरला. तेव्हा अहमदी म्हणजे वाळवंटात ओळीने मांडलेली घरं होती. वरच्या अंगाला साहेबलोकांचे बंगले, बंगल्यांना बागा, बागांना माळी. खालच्या अंगाला आपली माणसं. मधोमध मेस, आणि मेसच्या चुलीपाशी मजीद, मेंदी लावलेली दाढी आणि कमरेला टॉवेल अशा थाटात.

मेसमध्ये करमणूक म्हणून काही नव्हतं. पत्ते होते, पण पत्त्यांवरून मारामारी होई. रेडिओ होता, पण तो अरबीत बोले. त्यामुळे जेवणं झाली की माणसं बाकांवर रेलत आणि कुणीतरी म्हणे, "चाचा, आज कुठलं गाव जाळणार?"

मजीद हात पुसत बाहेर येई. त्याच्याकडे गावांचा साठा होता. जावाच्या किनाऱ्यावरचं अंजेर होतं, ते डोंगर फुटल्यावर समुद्राने एका घोटात गिळलं. ते त्याने बोटीवरच्या एका म्हाताऱ्या सारंगाकडून ऐकलं होतं. सेंट पिएर नावाचं फ्रेंचांचं गाव होतं. तिथे डोंगर महिनाभर धूर सोडत होता, पण गावात निवडणूक होती, त्यामुळे पुढारी म्हणाले, मतं टाका आणि मग पळा. एका सकाळी डोंगर फुटला आणि मतं मागणारे, मतं देणारे सगळे एकदमच निकालात निघाले. वाचला म्हणे कोठडीतला एक कैदी.

"बघा," मजीद म्हणे, "इमानदार माणसं सगळी मेली आणि कैदी वाचला. म्हणून मी म्हणतो, फार इमानदारी नको."

पण खरी गर्दी व्हायची ती पॉम्पेईला. पॉम्पेई सांगताना मजीदचा आवाज बदले. भट्टीत पाव टाकलेत, भटारी फळी हातात घेऊन उभा आहे, दाराशी साखळीला बांधलेलं कुत्रं भुंकतंय, आणि वरून गरम राख अशी कोसळते की भटारी जागच्या जागी पुतळा! कुत्रं पुतळा! पाव भट्टीतच कोळसा! "आणि मी," मजीद छातीवर हात ठेवून सांगे, "मी माझ्या या डोळ्यांनी ते पाव बघितले." इथे तो खोटं बोलत नव्हता. पाव त्याने बघितले होतेच. चव्वेचाळीस साली नेपल्सच्या बंदरात बोट अडकली असताना पलटणीतल्या शिपायांच्या ट्रकमध्ये बसून तो पॉम्पेईचे अवशेष बघायला गेला होता आणि तिथल्या वाटाड्याने दोन सिगारेटींच्या बदल्यात त्याला काळेठिक्कर पडलेले पाव दाखवले होते. त्या पावांना एकोणीसशे वर्षं झालीत, एवढीच एक बारीक गोष्ट सांगायची मजीदच्या तोंडून राहून जाई. पहिल्यांदा राहून गेली ती चुकून. मग ऐकणाऱ्यांचे चेहरे बघून ती कायमचीच राहून गेली.

मजीदचा सगळ्यात आवडता श्रोता म्हणजे झहूर. हा राजापूरकडचा, मॅट्रिक झालेला, कंपनीच्या गोदामात कारकून. इंग्रजीत फर्डा, पण काळीज चिमणीचं. इतर लोक गोष्ट ऐकून हसत आणि झोपायला जात. झहूर गोष्ट ऐकून घाबरायचा आणि पुन्हा ऐकायला यायचा. सांगणाऱ्याला यापेक्षा आणखी काय हवं? मजीद त्याच्या ताटात नळीचं हाड न मागता टाकायचा.

घोटाळा झाला तो अरबीमुळे. अहमदीच्या पलीकडे तेलाचं जे मोठं क्षेत्र, त्याचं नाव बुरगान. अरब लोक त्याला आपल्या घशातून बुरकान म्हणतात असं झहूरला वाटायचं. एक दिवस गोदामातल्या एका फलस्तिनी, म्हणजे पॅलेस्टाइनच्या, कारकुनाकडून त्याला कळलं की अरबीत ज्वालामुखीला बुरकान म्हणतात. झहूरने चहा अर्धाच टाकला. त्याच आठवड्यात एका दुपारी तेलक्षेत्रातल्या गॅसच्या मशालींपैकी एक अचानक भडकली. नळातून गॅस सोडून पेटवून देत, त्या मशाली एरवी निमूट जळत, पण त्या दिवशी तिने असा हंबरडा फोडला की क्वार्टरांच्या काचा थरथरल्या आणि मेसमधलं एक झाकण फळीवरून खाली आलं. घटकाभरात सगळं शांत झालं. साहेबलोक टेनिस खेळत होते ते खेळतच राहिले. झहूर मात्र धावत मेसमध्ये आला.

"चाचा, पॉम्पेईला आधी असाच आवाज आला होता ना?"

मजीद मासे साफ करत होता. कुवेतमध्ये ज्याला झुबेदी म्हणतात तो आपला पापलेटच, आणि त्या दिवशी तो चांगला ताजा मिळाला होता, म्हणून मजीदची तब्येत खुशीत होती. तेव्हा तो 'नाही' म्हणाला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण एवढ्या कळकळीने विचारणाऱ्याला 'नाही' म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"अगदी असाच," तो म्हणाला. "आधी काचा थरथरल्या. मग झाकणं पडली."

"मग?"

"मग काय, लोक म्हणाले, काय नाय होत."

झहूर दुसऱ्या दिवशी हेडक्लार्ककडे गेला आणि महिनाअखेरीस नोकरी सोडतो म्हणून सांगून आला. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, प्रकृती. त्याची बायको असमा तेव्हा मुंबईहून कुवेतच्या बोटीत बसलेली होती. दोन वर्षं अर्ज करून, हेडक्लार्कच्या पोराला फुकट इंग्रजी शिकवून झहूरने कुटुंबासाठी क्वार्टर मिळवलं होतं, आणि आता असमा उतरली की तिला त्याच पावली परत न्यायचं, असा त्याचा बेत होता.

हे मेसमध्ये कळलं तेव्हा लोक हसून लोळले. मजीदही हसला, पण ताट अर्धंच ठेवून उठला. आजवर त्याच्या गोष्टीने माणसं हसली होती, क्वचित एखादा रडला होता. गोष्टीवरून नोकरी सोडणारा त्याला पहिल्यांदाच भेटत होता. मनातल्या मनात त्याला अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण काळजीही वाटली, कारण झहूर गेला तर नळीचं हाड टाकायचं कुणाच्या ताटात?

"अरे, तो आवाज गॅसचा रे," तो झहूरला म्हणाला. "मी आपलं मस्करीत बोललो."

"चाचा, तुम्ही मला धीर देताय," झहूर डोळे पुसत म्हणाला. "पॉम्पेईतपण असंच म्हणाले असतील."

असमा बोटीतून उतरली ती तीन दिवस उलट्या करून, आंबोशीची बरणी मांडीवर सांभाळत. ही श्रीवर्धनची, सातवी पास, घरात सहा भावांत वाढलेली, त्यामुळे पुरुषमाणसांच्या घाबरण्याचं तिला फारसं कौतुक नव्हतं. क्वार्टरमध्ये शिरल्यावर तिने आधी नळ सोडून पाहिला. पाणी आलं. मग भिंतीतलं थंड हवेचं यंत्र सुरू करून त्याच्यासमोर डोळे मिटून उभी राहिली. तेवढ्यात झहूरने मागून सांगितलं की ट्रंक उघडू नकोस, आपण परत जातोय.

काय बोलणं झालं ते भिंतीपलीकडच्या सगळ्यांनी ऐकलं. शेवटी असमाचा आवाज आला, "आणि हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"मजीदचाचांनी."

"ते कोण? सायंटिस्ट आहेत?"

"मेसचे स्वयंपाकी."

नळ सोडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "त्यांना उद्या जेवायला बोलवा."

मजीद नवी लुंगी नेसून, दाढीला ताजी मेंदी लावून गेला. आयुष्यात त्याला स्वयंपाक्याला जेवायला बोलावणारं कुणी भेटलं नव्हतं, त्यामुळे तो जरा फुगला होता. असमाने भाकरी, सुकटीची चटणी आणि भात-आमटी केली होती, शेवटी फिरनीची वाटी पुढ्यात ठेवली, आणि मगच पदर सावरून समोर बसली.

"चाचा, ती पॉम्पेई सांगा."

मजीदने सांगितली. मेसमध्ये सांगायचा त्यापेक्षा चढ्या आवाजात सांगितली. झहूर शेजारी पांढराफटक होऊन ऐकत होता. असमा मान हलवत होती. भटारी पुतळा झाला तेव्हा तिने 'अरेरे' म्हटलं. गोष्ट संपल्यावर तिने विचारलं, "तुम्ही कुठे उभे होतात?"

"बेकरीतच की."

"भट्टीच्या किती जवळ?"

"हा इथून तो दरवाजा."

"म्हणजे पाव कोळसा झाले, भटारी पुतळा झाला, दाराशी बांधलेलं कुत्रं पुतळा झालं. आणि तुम्ही दाढीसकट इथे बसून फिरनी खाताय."

मजीदचा चमचा वाटीतच राहिला. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्याने शेकडो माणसांना सांगितली असेल, त्यांत शिकलेले होते, हाजी होते, एक पोलिसही होता. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने झहूरकडे पाहिलं. झहूर त्याच्याकडे मोठ्या आशेने बघत होता, की चाचा आता यालाही उत्तर देतील.

"मी नंतर गेलो होतो," मजीद शेवटी पुटपुटला.

"किती नंतर?"

"जरा नंतर." मग त्याने वाटी खाली ठेवली. "एकोणीसशे वर्षांनी."

असमा पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. झहूर हसला नाही. तो म्हणाला, "पण डोंगर फुटला होता, हे तर खरं ना?"

आता मजीदला राग आला, कुणाचा ते त्यालाही कळेना. "फुटला होता," तो म्हणाला, "आणि मी बघितलाय पण. तोच डोंगर. चव्वेचाळीस साली, मार्च महिन्यात, बोट नेपल्सला होती तेव्हा. ते मी कुणाला सांगत नाय, कारण त्यात काय नाय."

"काय नाही म्हणजे?" असमाने विचारलं.

मग त्याने सांगितलं. आवाज न चढवता, वाटीकडे बघत. डोंगरावरून लाल रेघ उतरताना बंदरातून दिसत होती. पायथ्याच्या गावांतली माणसं बाहेर काढायचं काम पलटणीकडे होतं आणि बोटींना हुकूम आला, पाव भाजा. मजीदने दिवसभर पाव भाजले, आणि पाव घेऊन जाणाऱ्या ट्रकवर चढून बसला, कारण कुणी नको म्हटलं नाही. सान सेबास्तियानो नावाचं गाव होतं. त्याला वाटलं होतं, आगीची नदी धावत येत असेल, लोक किंचाळत पळत असतील. गावात पोचला तर गल्लीच्या टोकाला घराएवढी उंच काळी ढिगाऱ्याची भिंत उभी होती, आतून लाल, आणि ती म्हाताऱ्या बैलाच्या चालीने पुढे सरकत होती. कपबश्या फुटल्यासारखा बारीक किणकिण आवाज करत. धगीने चेहरा भाजत होता, पण पळायचं म्हणून काही कारण नव्हतं. चालत गेलं तरी पुरत होतं.

"लोक काय करत होते?" असमा म्हणाली.

"सामान काढत होते. गाद्या, पलंग. मग दारं काढली, खिडक्या काढल्या, छपराची कौलं उतरवली. एकाने तर नळ काढून नेला. मी एका बाईची कोंबडी धरून उभा होतो. म्हातारी होती. घर रिकामं झालं, भिंत शेजारच्या घराला लागली, आणि ही परत आत गेली. मला वाटलं, पैसे विसरली असेल. तर झाडू घेऊन आली नि उंबरठा झाडायला लागली."

"झाडायला?"

"झाडायला. कोपऱ्यातली माती पण काढली. मग दार नव्हतंच, ते आधीच काढून नेलं होतं, तरी चौकटीला हात लावून उभी राहिली जरा. मग माझ्या हातून कोंबडी घेतली नि चालायला लागली. नंतर ते घर असं बसलं, कुणी दमून खाली बसावं तसं. मी तिथे संत्रं खात उभा होतो. कुणीतरी दिलं होतं हातात. गाव जातंय आणि मी संत्रं सोलतोय. एवढंच. कुणी ओरडलं नाय. हे मेसमध्ये काय सांगायचं?"

असमाने फिरनीचं भांडं पुढे ओढलं. तिने त्याच्या वाटीत आणखी फिरनी वाढली. मग म्हणाली, "नंतर ती माणसं कुठे गेली?"

"जातील कुठे? डोंगर थंड झाला तसे परत आले नि माझी हद्द कुठे, तुझी कुठे म्हणून भांडत बसले. पुढे त्याच जागी गाव बांधलंन म्हणे. एका खलाशाने सांगितलं."

झहूर मान हलवत होता. "चाचा, माफ करा," तो म्हणाला, "पण ही मात्र थाप वाटते. आग दारात आलीय आणि बाई झाडू मारते? पॉम्पेई पटते. हे नाही पटत."

मजीदने कपाळावर हात मारून घेतला.

असमाने पुढचे दोन दिवस शेजारच्या मुनिराकडे घालवले. मुनिरा म्हणजे त्याच फलस्तिनी कारकुनाची बायको. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण असमा लहानपणी कुराण वाचायला शिकली होती, अक्षरं तर दोघींची एकच. मुनिराने परातीतल्या पिठात बोटाने ज्वालामुखी लिहून दाखवला आणि शेजारी तेलक्षेत्राचं नाव लिहिलं. संध्याकाळी असमाने ती परात तशीच उचलून नवऱ्यापुढे आणून ठेवली.

"हा छोटा काफ, हा ज्वालामुखी. हा दोन नुक्त्यांचा मोठा काफ, हे तुमचं तेल. मौलवींनी छडी मारून शिकवलं नव्हतं का?"

"अक्षर बदललं म्हणून आग थांबते का?" झहूर म्हणाला. भीतीत माणसाला कधी कधी बरोबर सुचतं.

"नाही थांबत," असमा म्हणाली. "पण मी पण जात नाही. इथे नळाला पाणी आहे. श्रीवर्धनला मी विहिरीवरून हंडे आणते. तुम्ही जा. डोंगर फुटला तर मी कळवीन."

आणि तिने ट्रंक उघडली. झहूर दोन दिवस धुमसला, मग हेडक्लार्ककडे जाऊन प्रकृती सुधारली म्हणून सांगून आला. हेडक्लार्कला पोराच्या इंग्रजीची काळजी होतीच, त्यामुळे त्याने जास्त चौकशी केली नाही.

ही बातमी मेसमध्ये पोचायला वेळ लागला नाही. 'एकोणीसशे वर्षांनी' हे मजीदच्या नावाला चिकटलं. जेवायला उशीर झाला की पोरं ओरडत, "चाचा, रस्सा कधी? एकोणीसशे वर्षांनी?" मजीदने महिनाभर तोंड उघडलं नाही. त्या महिन्यात रस्सा फार तिखट व्हायचा. एकदा त्याने हिंमत करून झाडूवाल्या म्हातारीची गोष्ट सांगून पाहिली. लोक अर्ध्यातच उठून हात धुवायला गेले. एकजण जाता जाता म्हणाला, "चाचा, खोटंच सांगायचं तर जरा नीट सांगा."

शेवटी लोकांनीच हट्ट धरला आणि पॉम्पेई परत सुरू झाली. आता सगळ्यांना माहीत होतं की ती थाप आहे, आणि त्यामुळे ती आणखीच रंगू लागली. भटाऱ्याला बायको आली, बायकोला यार आला. ती सान सेबास्तियानोची गोष्ट मात्र मजीद एकाच घरी सांगायचा. असमा ईदला त्याला बोलवायची आणि शीरखुर्मा झाल्यावर म्हणायची, "चाचा, ती सांगा." झहूर दर वेळी म्हणायचा, नाही पटत, आणि दर वेळी पुरती ऐकायचा.

साठ सालाच्या पुढे कंपनीने मेस एका ठेकेदाराला दिली. ठेकेदाराने मजीदला रश्श्यात पाणी वाढवायला सांगितलं. मजीदने टॉवेल कमरेचा काढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि निघाला. अबू हलीफा या गावी समुद्राजवळ, परक्याला परवाना मिळत नसल्याने एका कुवेती कोळ्याच्या नावावर, त्याने लहानशी खाणावळ काढली. बाकं चार, मेनू एक. रजेवर गावी गेला असताना बहिणीने धरून त्याचं लग्न लावून दिलं, वेळासच्या रहिमाशी. ती विधवा होती, चाळिशीची, आणि मजीद पन्नाशी केव्हाच ओलांडलेला. निकाहाच्या वेळी काझीने वय विचारलं तर हा गप्प, आणि मागून कुणीतरी कुवेतहून आलेला पचकला, "एकोणीसशे!" काझीला तो विनोद कळला नाही.

रहिमा अबू हलीफाला आली आणि तिने पहिल्या आठवड्यात खाणावळ ताब्यात घेतली. मासे तळायला ती, हिशोबाला ती. मजीदला वाढायचं काम दिलं. पहिल्याच शुक्रवारी दुपारी अहमदीहून जुनी मंडळी गाडी करून जेवायला आली, आणि ताटं संपल्यावर कुणीतरी म्हणालं, "चाचा, आज कुठलं गाव?" मजीद हात पुसत पुढे झाला. भट्टीत पाव टाकले, भटारी फळी घेऊन उभा राहिला, कुत्रं भुंकलं. दाराबाहेर उन्हात आणखी सहा माणसं जागा व्हायची वाट बघत उभी होती.

रहिमा कालथा घेऊन बाहेर आली.

"ओ, तुमचं ते शहर जळायला अजून किती वेळ?"

"झालंच गो, राख पडतेय आता."

"मग पडू दे लवकर. बाकं रिकामी करा."

मंडळी उठली. मजीदने ताटं गोळा केली, बाक पुसलं आणि बाहेरच्या सहाजणांना आत घेतलं. त्यांतल्या एका नव्या पोराने बसता बसता विचारलं, "काय गोष्ट चालली होती, चाचा?" मजीदने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे कढईत झुबेदी चरचरत होती.

"काय नाय रे," तो म्हणाला. "भात आणू की भाकरी?"